न घातलेली ठुशी

अमरावतीच्या राजापेठेत माझं ड्रेसचं दुकान आहे. ड्रेस म्हणजे रोज अंगावर घालायचे नव्हेत. गॅदरिंगचे, नाटकाचे, भाड्याने न्यायचे. हिवाळा लागला की शाळावाल्यांची झुंबड उडते. मावळे जातात, जिजामाता जातात, पऱ्या जातात आणि एक भेंडी जाते. भेंडीला दरवर्षी एवढी मागणी का असते, ते मला आजवर समजलं नाही. परत येताना मावळ्याची तलवार वाकलेली असते, परीच्या पंखाला चिवडा चिकटलेला असतो, आणि आणून देणारी आई मलाच सांगते की काकू, हे आधीपासूनच असं होतं. मी ऐकून घेते. धंदा आहे. या धंद्याने माझा स्वभाव तिखट केला असं लोक म्हणतात. तो आधीपासूनच असा होता.

नाटकवाल्यांशी माझी ओळख जुनी. नाटकात गाणाऱ्याला कलाकार म्हणतात, पेटीवाल्याला बुवा म्हणतात आणि मला ‘अहो कपडे’ म्हणून हाक मारतात. प्रयोग पडला तर कपडे भडक होते, प्रयोग चढला तर गाणी फक्कड होती. म्हणून आमच्या गावातले एक सर संगीत नाटक बसवायचं म्हणून माझ्या दुकानात आले, तेव्हा मी चहा मागवला, पण साखर कमी सांगितली.

हे सर कॉलेजात शिकवतात. नाटक त्यांनीच लिहिलं होतं, दिग्दर्शन त्यांचंच, आणि नेपथ्यही तेच करणार होते, कारण दुसऱ्या माणसाने मारलेला खिळा त्यांना कधी सरळ वाटत नाही. गोष्ट आपल्याकडचीच. कापूसवाल्या गावातली एक बाई वेचते, भांडते, एकटी पडते, आणि शेवटी घरात रचलेल्या कापसाच्या ढिगापाशी बसून एक लांबलचक गाणं म्हणते. गाणी नवी होती आणि चाली चांगल्या होत्या. खोटं कशाला बोला.

त्या बाईचं काम करायला सरांनी आमच्या लायनीतली फुलवाली धरली. माझ्यापासून दोन दुकानं सोडून तिचं हार-गजऱ्यांचं दुकान आहे. पंचेचाळिशीची असेल. माहेर अकोल्याजवळच्या खेड्यात, माळ्याचं घर. मेथी, पालक, शेवंती. सर कॉलेजच्या कार्यक्रमासाठी हार न्यायला आले तेव्हा ती शेवंती ओवता ओवता गुणगुणत होती. सर ऐकत उभे राहिले, तिथेच तिला नाटकात यायचं निमंत्रण दिलं, आणि हार तिथेच विसरून गेले. पाहुण्यांचा सत्कार त्या दिवशी नुसत्या नारळावर झाला.

माप द्यायला ती दुकानात आली. मी टेप तिच्या खांद्याला लावला तशी म्हणाली, “काकू, मले असं सजवा का माया बापाले दिसलं पायजे का मी गाऊन राहिली.”

“दिसायला कशाला हवं? ऐकू येईल ना,” मी म्हटलं.

“नाई ना येत. कानच गेले त्याचे.”

मग तिने सांगितलं. लहान असताना ती मळ्यात मेथीच्या जुड्या बांधता बांधता गायची. बाप समोर बसून जुड्या बांधायचा. कधी गा म्हणाला नाही, कधी गप बस म्हणाला नाही. पुढे शाळेतल्या बाई घरी आल्या, पोरीला अकोल्याला गाणं शिकायला पाठवा म्हणाल्या, तेव्हा त्याने एका वाक्यात विषय मिटवला. आपल्या घरच्या पोरी स्टेजवर जात नाहीत. त्या दिवसापासून हिने बापासमोर गाण्यासाठी तोंड उघडलं नाही. त्यानेही कधी विचारलं नाही. लग्न झालं, लेकरं झाली, आणि हिचा राग जायच्या आत त्याचे कान गेले. भावाने मशीन आणून दिलं, पण ते कानात शिट्टी मारतं म्हणून म्हातारा ते खिशात घालून फिरतो.

“अकोल्याच्या प्रयोगाले येतो म्हनला,” ती म्हणाली. “मी बलावलं नोयतं काकू. सोताच म्हनला. आता ऐकू तं जात नाई, तं दिसू द्या तरी.”

मला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर आतून थोड्या गुदगुल्याही झाल्या. इतकी वर्षं गाणारे लोक माझ्या कपड्यांना तोंडी लावणं समजत आले, आणि आता एका बाईचं अख्खं गाणं माझ्या कपड्यांवर येऊन पडलं होतं.

मी कपाटं उपसली. गडद जांभळी नऊवारी काढली, लांबून दिसावा असा रुंद काठ पाहून. नथ काढली, बुगड्या काढल्या, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या काढल्या. आणि ठुशी काढली. ही ठुशी मी कोणाला सहसा देत नाही. गळ्याला घट्ट बसते, आणि वर दिवा पडला की मागच्या खुर्चीवरचा पेंगणारा माणूस जागा होतो. म्हाताऱ्याला दिसायला हवं होतं ना, घे म्हटलं, डोळे भरून दिसेल.

तालमीत एकेक गळायला लागलं. आधी बांगड्या. ती गाताना मांडीवर हाताने ताल धरते, आणि दर समेला बांगड्या अशा खणकायच्या की तबलजी तबला सोडून तिच्याकडे पाहत बसायचा. त्याचं म्हणणं, एका नाटकात दोन तबले कशाला. बांगड्या चारावर आल्या. मग नथ. ओठ उघडला की नथ गालावरच्या माईकला लागायची आणि प्रेमाच्या गाण्यात टक-टक आवाज यायचा, दारावर कोणी उभं असल्यासारखा. नथ गेली. मग तिने ठुशी घातली, तोंड उघडून एक लांब सूर लावला आणि ठुशी काढून माझ्या हातात दिली.

“आवाज अटकते काकू.”

“मोठमोठ्या गाणाऱ्या बायका ठुशी घालून गायल्या.”

“त्यायचा गळा बारीक असन.”

सजवा म्हणायचं, आणि सजवायला गेलं की एकेक उतरवून हातात द्यायचं. मी काही दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. गजरे मात्र तिच्याचकडून घेत होते, कारण पलीकडची फुलवाली शिळ्या कळ्यांवर पाणी मारून देते.

पण एक गोष्ट या तालमींत मला पटली. साध्या नाटकात कपडा नुसता दिसतो, संगीत नाटकात तो ऐकूही येतो. झटपट बदलता यावी म्हणून मी नऊवारी शिवून घेतली होती, कमरेला वेल्क्रो लावून. रंगीत तालमीला रडक्या गाण्यानंतर सगळं शांत झालं, ती विंगेत आली आणि तिने वेल्क्रो ओढला. गालावरचा माईक चालूच होता. सरांना वाटलं मोठा पडदा फाटला. ते खुर्चीवरून उठून पळत आले. तेव्हापासून मी ती शिवलेली साडी बाजूला ठेवली आणि रोज स्वतःच्या हाताने तिला नऊवारी नेसवायला लागले. आणि गंमत म्हणजे तिचं गाणंच बदललं. पंजाबी ड्रेस घालून तालीम करताना वरचा सूर लटपटायचा. कासोटा घट्ट बसला की ती पाय रोवून उभी राहायची आणि तोच सूर सरळ निघायचा. “पोटाले आधार भेटते,” ती म्हणाली. मी हे कौतुकाने सरांना सांगायला गेले. सर “हो का” म्हणाले आणि प्लायवूड मोजायला लागले.

सरांचं लक्ष ढिगात होतं. शेवटच्या गाण्याला रंगमंचाच्या मधोमध कापसाचा पुरुषभर ढीग हवा होता. मी म्हटलं, सर, उशीत भरायचा फायबर आहे माझ्याकडे, भेंडीच्या पोटात तोच भरलाय. दिव्यात इतका पांढरा दिसतो की कोणाच्या बापाला कळणार नाही.

“वऱ्हाडात बसून पॉलिस्टर?” सर म्हणाले. मी त्यांना नाटकासाठी नकली आई आणून देते म्हटल्यासारखा चेहरा केला त्यांनी. “लोक हसतील आपल्याला.”

आणि यात सर एकटे नव्हते. सगळी मंडळी त्यांच्या बाजूने. आमच्याकडे नाटकासाठी कापूस विकत कोण आणेल? तबलजीच्या घरी पुढच्या खोलीत रचलेला होता, लाईटवाल्याच्या घरी होता, सरांच्या साळ्याच्या घरी तर पाहुण्याला झोपायला जागा नव्हती. भाव चढेल म्हणून सगळ्यांनी धरून ठेवलेला. प्रत्येकाने बोऱ्या भरभरून आणल्या, एकाच अटीवर: नेला तसा परत आला पाहिजे. म्हणजे रंग नको, डिंक नको, पाणी नको. मी एकदा म्हटलं, जरासं पाणी शिंपडा, तंतू उडतात. तर सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी विहिरीत विष टाका म्हटलं. ओल्या कापसाला व्यापारी हात लावतो का?

शिवाय तो कापूस, म्हणजे लक्ष्मी. ढिगापाशी चपला बंद. दुसऱ्या अंकात खलनायकाने ढिगाला लाथ मारायची होती. ते काम करणारा गृहस्थ म्हणाला, बाईला हवी तेवढी शिवी देतो, पण याला पाय लावणार नाही, घरी आई आहे. तेव्हा ठरलं असं की खलनायक आधी वाकून ढिगाला नमस्कार करील आणि मग लांबून धमकी देईल. सर म्हणाले, याने व्यक्तिरेखेला एक वेगळा पदर मिळतो.

अमरावतीचा प्रयोग झाला. शेवटच्या प्रवेशाला पडदा उघडला, सगळे दिवे ढिगावर आले आणि ढिगाला टाळ्या पडल्या. ढिगाला! ती बिचारी शेजारी बसलेली होती, तिचं तोंड अजून उघडायचं होतं. मग तिने गायला सुरुवात केली आणि माझ्या अंगावर काटा आला, इतकं ते आर्त होतं. पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला सांगत होता, “पहिल्या वेचणीचा दिसते.” शेजारी म्हणाला, “नाई बावा, मिसळ हाये. डावीकडली कवडी पाह्य, किडका माल, पिवळा पडला.” गाणं संपेपर्यंत त्यांनी ढिगाची प्रत ठरवली होती. माझ्या जांभळ्या नऊवारीवर एवढे तंतू बसले होते की ती सशाच्या कातड्याची वाटत होती. दुसऱ्या दिवशी पेपरात नेपथ्याबद्दल अर्धा रकाना आला. गायन ‘श्रवणीय’ आणि वेशभूषा ‘साजेशी’. साजेशी हा शब्द कोणी काढला, त्याला मला एकदा भेटायचं आहे.

प्रयोगानंतर ती थोडी खोकत होती. मी आलं आणि मध दिला. सर म्हणाले, भावना दाटून आल्या.

अकोल्याचा प्रयोग दुपारचा होता. होळी होऊन गेलेली, ऊन असं की टेम्पोच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. तिथे पोचल्यावर कळलं की सभागृहाचा एसी बंद आहे. पण माणसं चांगली. त्यांनी कुठून तरी दोन मोठाले लोखंडी कूलर मिळवले आणि दोन्ही बाजूंच्या विंगेत उभे केले, कलाकारांना त्रास नको म्हणून. टाक्या गळत होत्या म्हणून पाणी घातलं नव्हतं. नुसते पंखे, पण असे की माझ्या पिनांचा डबा उलटला.

ती पडद्याच्या फटीतून पाहत होती. “आला,” ती म्हणाली. मीही डोकावले. पहिल्या रांगेत मधोमध एक म्हातारा बसला होता. पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. आजूबाजूचे मोबाईल पाहत होते, हा बंद पडद्याकडे पाहत होता. मी लाईटवाल्याला जाऊन सांगितलं, आज काहीही कर, पण हिच्या तोंडावरचा उजेड हलवू नकोस. मग तिला नऊवारी नेसवली, कासोटा नेहमीपेक्षा जास्त आवळला, केसात तिच्याच दुकानातला गजरा माळला. खाली गळा मोकळा. माझ्या दुकानाची लाज होती ती, पण मी पदर सारखा करून तिला पुढे सोडलं.

पहिल्या अंकातली तिची दोन्ही गाणी उत्तम झाली. दुसऱ्या अंकाच्या आधी मागे ढीग रचला आणि कूलरचा वारा त्याला लागायला लागला. तंतू उठले. दिव्यांच्या उजेडात ते हळूहळू तरंगत खाली यायचे आणि पुन्हा वर जायचे. दिसायला फार सुंदर. सर विंगेत माझ्या कानाशी म्हणाले, “बर्फ पडल्यासारखं वाटतंय.”

“सर, आपल्या नाटकात बर्फ कुठे आहे?” मी म्हटलं.

खलनायकाला धमकीच्या मधोमध शिंका आल्या. तिचे संवाद घोगरे व्हायला लागले. शेवटच्या प्रवेशाआधी ती विंगेत आली, पाणी प्यायली, सूर लावायला तोंड उघडलं, आणि फाटक्या भात्याच्या पेटीतून येते तशी नुसती हवा आली. पुन्हा लावला. पुन्हा हवा. तिने माझा हात धरला. कूलर बंद करायला सांगितले, पण आता कूलर बंद करून काय होणार होतं?

सरांचं डोकं अशा वेळी चालतं, हे कबूल करायला हवं. कोरसमध्ये एक पोरगी होती, संगीत शिकणारी, तिला सगळी गाणी पाठ. सर म्हणाले, ही विंगेतून माईकवर गाईल, तुम्ही समोर बसून ओठ हलवा. प्रेक्षकांना समजणारही नाही.

तिने मान हलवली. नाही म्हणून. पडद्याकडे बोट दाखवलं आणि श्वासाश्वासाने म्हणाली, “माया बाप हाये तिथी.”

“त्यांना कुठे ऐकू येतं?” सर म्हणाले.

सर वाईट माणूस नाहीत. घाईत होते. पण ते वाक्य त्यांनी म्हटलं, आणि तिचं पडद्याकडे केलेलं बोट असं खाली आलं की मला पाहवेना. माझ्या हातात तेव्हा मोठी सेफ्टी पिन होती. ती मी सरांना टोचली नाही, हे त्या दिवशी मी केलेलं सगळ्यात अवघड काम.

मग मला सुचेल ते मी केलं. पर्समधून ठुशी काढली. म्हटलं, आता गायचंच नाही तर आवाज अटकायचा प्रश्न नाही. घाल. निदान म्हाताऱ्याला झगमग तरी दिसू दे. तिने माझा हात हळूच बाजूला सारला.

“नको काकू. राहू द्या मोकळा.”

हट्टी बाई, एवढंच वाटलं. मी ठुशी परत पर्समध्ये टाकली आणि पडदा उघडला.

त्या पोरीने सुरेख गाणं म्हटलं. विंगेत माझ्याशेजारी उभी राहून, जीन्सच्या खिशात हात घालून, एक सूर इकडचा तिकडे न होऊ देता. आणि समोर ढिगापाशी ती बसली होती, ओठ बरोबर हलत होते, हात मांडीवर ताल धरत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पाणी नाटकातलं नव्हतं. लोक रुमाल काढायला लागले. पडदा पडला तेव्हा अर्धं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी फटीतून पहिल्या रांगेकडे पाहिलं. म्हातारा बसूनच होता. तळवे गुडघ्यांवर तसेच. टाळी नाही, काही नाही.

सभागृहाच्या मागे कडुनिंबाच्या सावलीत टेम्पो उभा होता. कापूस परत बोऱ्यांत भरणं चालू होतं. कोणाचा कोणता, यावरून तबलजी आणि लाईटवाला हुज्जत घालत होते. अकोल्याच्या बायका येऊन तिचे हात धरत होत्या. “काय आवाज लागला वं बाई आज.” तिला बोलता येत नव्हतं, म्हणून ती मान हलवायची, आणि त्यांना वाटायचं किती साधी आहे. सर घाम पुसत मला म्हणाले, “पाहिलंत? निभावलं.”

तेवढ्यात म्हातारा आला. एकटाच, हळूहळू, ढिगाचा उरलेला कापूस पाहत. सरांनी पुढे होऊन त्याच्या कानाशी ओरडून, हातानेही खूण करून विचारलं, “बाबा, कसं वाटलं नाटक?”

“बेस होतं,” म्हातारा म्हणाला. ऐकू न येणारे बोलतात तसा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. “कापूस बी बेस हाये. कवडी कायले मिसळली त्याच्यात?”

मग तो लेकीकडे वळला.

“शेवटलं गानं तू काहून नाई म्हतलं वं?”

बोऱ्या भरणाऱ्यांचे हात थांबले. सर म्हणाले, “म्हटलं ना बाबा, त्यांनीच तर म्हटलं,” पण ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

“पहिले दोन म्हतले,” तो म्हणाला. “शेवटलं नाई. नुसतं तोंड हालवत होती.” त्याने आपल्या गळ्यावर बोट ठेवलं, डाव्या बाजूला, कानाच्या खाली. “गाते तवा तुयी हे शीर फुगते. मेथी बांधे तवापासून पाहून राहिलो मी. आज शेवटी नाई फुगली.”

सगळ्या सभागृहाला कान होते, म्हणून ते फसलं. आणि हा एक माणूस इतकी वर्षं मनात तिच्या गळ्याची शीर घेऊन बसला होता, हे तिलाही माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून मला ते दिसलं. तिने साडीवरचे तंतू ओढून त्याला दाखवले, गळ्याकडे बोट केलं.

“कापूस गेला काय घशात?” म्हाताऱ्याचा आवाज चढला. “कापसापाशी तोंडाले फडकं बांधा लागते, हे तुले सांगा लागते काय?” आणि दुपट्ट्याने तिच्या केसांतला, भुवयांवरचा कापूस झटकायला लागला, दामटून, लहान पोराचं डोकं पुसावं तसा. मग सरांकडे पाहून म्हणाला, “आन तुमी लोकं नाटकात घरचा कापूस कायले आनता? नकली नाई भेटत काय?”

मी सरांकडे पाहिलं. सर टेम्पोच्या चाकाकडे पाहत होते. मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

तो सभागृहाच्या मागच्या पायरीवर बसला आणि शेजारच्या फरशीवर हात आपटला. “बस. म्हन आता.”

तिने हाताने खूण केली. आवाज नाही.

“मले काय त्याचं,” तो म्हणाला.

ती बसली. मग तिने तेच गाणं सुरू केलं. काय सांगू, ऐकवत नव्हतं. आवाज चिरकत होता, मधेच गायब होत होता, वरच्या जागी नुसती घरघर. आम्ही कानवाले सगळे इकडेतिकडे पाहायला लागलो. तबलजीने डोळे मिटले. सर पुढे होऊन म्हणाले, “ताई, घसा कायमचा बसेल हो, पुढचे प्रयोग,” आणि मी त्यांना कोपराने मागे ढकललं.

म्हातारा तिच्या गळ्याकडे पाहत होता. कडुनिंबातून ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात तिच्या मोकळ्या गळ्यावर ती शीर मला पहिल्यांदा दिसली. इतके दिवस त्या गळ्याचं माप घेतलं, काय घालावं म्हणून डोकं शिणवलं, पण ती कधी माझ्या नजरेला पडली नव्हती. जिथे ठुशी बसते, बरोबर तिथे. सूर वर चढला की फुगायची, खाली आला की बसायची. म्हाताऱ्याचं बोट गुडघ्यावर हलत होतं आणि एकदाही ताल चुकलं नाही. त्या नाटकातली वेशभूषा चांगली होती असं मी जेव्हा म्हणते, तेव्हा मी एवढ्याच जागेबद्दल बोलत असते.

गाणं संपलं. ती खोकली, डोळे पुसले, आणि त्याच्याकडे पाहिलं.

“आजून एक म्हन,” तो म्हणाला.

ऊन उतरायला लागलं होतं, सामान भरून झालं होतं. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, मग आणखी एकदा, लांब. बापाला तो ऐकू आला नाही, आणि लेकीने ऐकला नाही.